आत्या आणि राष्ट्राध्यक्ष

चित्र नुसतं बघायचं नसतं, वाचायचं असतं, हे मी इतक्यांदा ऐकवलंय की घरचं कुणी माझ्याबरोबर संग्रहालयात यायला धजत नाही. आत्या बिचारी अमेरिकेत नवी. वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला तिकीट नाही, एवढ्या मुद्द्यावर ती आली.

गिल्बर्ट स्टुअर्टनं 1796 मध्ये रंगवलेलं जॉर्ज वॉशिंग्टनचं आठ फुटी चित्र दिसताच मी बाह्या सरसावल्या. "काळा मखमली पोशाख बघ. मुकुट नाही, राजदंड नाही. राजा नको म्हणणाऱ्या देशाचा अध्यक्ष! तलवार आहे, पण म्यानात. वर उजवीकडे इंद्रधनुष्य, म्हणजे युद्धाचं वादळ सरलं." शेजारून चाललेला एक मराठी घोळका थबकला. मला चेव चढला. "आणि हे घट्ट मिटलेले ओठ! नव्या प्रजासत्ताकाचा सगळा निर्धार त्या जबड्यात एकवटलाय!"

आत्यानं चष्मा नाकावर खाली घेतला. "कवळी नवी आहे त्याची."

"अगं आत्या..."

"ओठाखाली फुगलंय बघ. हिरडीला टोचते, मग माणूस तोंड असंच दाबून धरतो. माझी अख्खी दिवाळी चकलीविना गेली."

मी हसण्यावारी नेलं. घोळक्यातल्या एका मुलीनं मात्र मोबाईल काढून खणखणीत आवाजात वाचलं : 1789 मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा वॉशिंग्टन यांचा स्वतःचा एकच दात उरला होता, कवळीला पाणघोड्याचे दात वापरले होते, आणि या चित्राच्या वेळी ती नवी होती.

"पाणघोड्याचे!" आत्या कळवळली. "आणि वर तासन् तास उभं राहायचं!"

"तरीपण निर्धार ही वेगळी..." हे मी बहुधा इंद्रधनुष्याला सांगत होतो. माणसं आत्याभोवती जमली होती.

पुढे केहिंदे वायलीनं रंगवलेले ओबामा, पानाफुलांच्या भिंतीपुढे खुर्चीत बसलेले. माझं सगळं पाठ होतं : शेवंती शिकागोची, जाई हवाईची, निळी लिली केनियाची. तोंड उघडणार तोच घोळक्यातल्या गृहस्थांनी विचारलं, "आत्या, इथे काय म्हणाल?" माझी आत्या त्यांनी परस्पर वाटून घेतली होती.

आत्यानं चित्र खालून वर न्याहाळलं. "शेवंतीला ऊन लागतं. एवढ्या गच्च पाल्यात ती फुलायची नाही. आणि याचे पाय डासांनी फोडून काढले असतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शिकागो, हवाई आणि केनिया एका घोटात गिळलं आणि आत्यानं पुढे केलेली पर्स धरून उभा राहिलो.