रकानेसाहेब

रकानेसाहेबांचं खरं आडनाव पगारपत्रकावर सापडतं, बाकी कुठे नाही. असा माणूस जिल्हा परिषदेत असतो, महामंडळात असतो, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात तर हमखास असतो. आमचा महापालिकेच्या संगणक विभागात आहे, एवढंच. "तुम्ही नक्की काय करता?" हा प्रश्न आपल्याकडे भांडण उकरायला विचारतात. रकानेसाहेब तो चहा मागवून, पट्टी-पेन्सिल काढून, मनापासून विचारतात. समोरचा घाबरतोच. सरकारी नोकरीत इतक्या प्रेमाने काम विचारलं की माणसाला बदलीचा वास येतो.

हे सगळं टपाल तिकिटांपासून सुरू झालं. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातल्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने १७ बाबी आपणहून जाहीर करायच्या असतात. त्यातली दुसरी बाब म्हणजे अधिकारी-कर्मचाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्यं. आमच्याकडे ही कर्तव्यं आवक-जावक शाखेच्या फाइलीवरून उतरवलेली होती, त्यामुळे संगणक विभागाच्या प्रोग्रॅमरवर 'टपाल तिकिटांचा दैनंदिन हिशेब ठेवणे' ही जबाबदारी होती. कोणी वाचलं नव्हतं म्हणून चाललं होतं. मग एका निवृत्त मास्तरांनी वाचलं आणि रीतसर अर्ज टाकून तिकिटांचा हिशेब मागितला.

झालं. सगळ्या विभागाचे जॉब चार्ट एका साच्यात आणण्याचं काम रकानेसाहेबांकडे आलं. दुसरा कोणी आजारी पडला असता. यांनी मोठ्या मापाचा कागद मागवला.

अभ्यासात माणूस कमी पडत नाही. ब्रिटनच्या सरकारने २०१७ मध्ये आपल्या खात्यांतल्या डिजिटल मंडळींसाठी भूमिका आणि कौशल्यांची एक सामाईक चौकट काढली, तिथे प्रत्येक कौशल्याचे चार स्तर आहेत, हे त्यांनी शोधून काढलं. आपल्याकडे केंद्राने २०२० मध्ये 'मिशन कर्मयोगी' मंजूर केलं, त्यातही प्रत्येक पदाची भूमिका, तिच्यातल्या कृती आणि त्यांना लागणाऱ्या क्षमता अशी मांडणी आहे. रकानेसाहेबांनी दोन्हींच्या प्रती काढून पिवळ्या पेनाने रंगवल्या आणि त्या घेऊन ते हार्डवेअरवाल्या नानांपुढे बसले.

"नाना, प्रिंटरच्या बाबतीत आपण कोणत्या स्तरावर? ओळख आहे, काम चालवता, सराईत आहात, की तज्ज्ञ?"

"कोणता प्रिंटर त्यावर आहे साहेब. आस्थापनेचा असेल तर तज्ज्ञ. तिसऱ्या मजल्यावरचा मला ओळखतच नाही."

रकानेसाहेबांनी 'मजला' असा नवा रकाना आखला.

आखणार तरी किती? आमच्याकडे सिस्टीम मॅनेजरचं पद आकृतिबंधात मंजूर आहे, भरलेलं नाही. त्याचा अतिरिक्त कार्यभार पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्याकडे. सर्व्हर रूम सांभाळणारा मूळचा आरोग्य निरीक्षक. त्याने एकदा साहेबांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढला होता, तेव्हापासून तो परत गेला नाही. सर्वांत हुशार माणूस शिपाई आहे. जुन्या फॉन्टमधले ठराव युनिकोडमध्ये आणताना कुठली वेलांटी कुठे पळते, हे फक्त त्यालाच कळतं. आणि मालमत्ता कराचा अख्खा डेटाबेस चालवते ती बाह्ययंत्रणेमार्फत, अकरा महिन्यांच्या करारावर आलेली ऑपरेटर. ती रजेवर गेली की शहराची करवसुलीही रजेवर जाते.

"ताई, तुमची कामं लिहून द्या."

"लिहिते की सर. पण मग ही कामं ऑपरेटरची नाहीत, हे तुमच्याच कागदावर येईल."

रकानेसाहेबांना यात अडचण दिसली नाही. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. प्रोग्रॅमरच्या तक्त्यात आठ कामं आणि ताईंच्या तक्त्यात तीच आठ, शिवाय आणखी तीन. फाइल विधी विभागात गेली आणि तिथल्या माणसाने चष्मा काढून ठेवला. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात हंगामी कर्मचाऱ्यांनाही लावलं आहे. कामं एकसारखी आहेत, हे सिद्ध करायला अशा कर्मचाऱ्यांना एरवी चपला झिजवाव्या लागतात. रकानेसाहेबांनी तो पुरावा रकाने पाडून, पान क्रमांक घालून, दोन प्रतींत तयार ठेवला होता.

टिपणी परत आली. ताईंच्या अकराही ओळींत 'करणे'च्या जागी 'करण्यास साहाय्य करणे' घालावे. साहाय्य कोणाला, हे नमूद नव्हतं. रकानेसाहेब तेव्हा पहिल्यांदा जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसलेले दिसले. मला हा माणूस त्या दिवशी आवडला. तक्ता सुंदर दिसावा एवढ्याच हव्यासापायी तो खरं लिहून बसला होता, आणि आता खोटंही त्याच नीटसपणे लिहायचं होतं.

पण त्यांचा मोठा पराभव पुढेच होता. प्रत्येक जॉब चार्टची शेवटची ओळ एकच असते: 'वरिष्ठांनी वेळोवेळी सोपविलेली अन्य कामे'. निवडणुकीच्या याद्या, मंत्र्यांच्या दौऱ्यातला प्रोजेक्टर, उपायुक्तांच्या मुलाचा प्रवेशअर्ज, सगळं तिथेच शिरतं. शेताला एक कुंपण नसलेली बाजू असावी, तशी ती ओळ. ती काढायचा प्रस्ताव रकानेसाहेबांनी मांडला, तेव्हा एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारे सगळे एक झाले. साहेबांना ती ओळ हवी होती, कारण तिच्याखाली काहीही सांगता येतं. कर्मचाऱ्यांनाही हवी होती, कारण "अन्य कामात होतो" म्हटलं की मूळ कामाचं कोणी विचारत नाही.

अतिरिक्त आयुक्तांनी प्रस्ताव शांतपणे वाचला. "तुमचं मूळ पद कोणतं?"

"लघुटंकलेखक, सर."

"म्हणजे श्रुतलेखन आणि टंकलेखन. मग हे तक्त्यांचं काम कोणत्या ओळीखाली करताय?"

ओळ राहिली. मात्र ती एकटी मोकाट राहू नये म्हणून रकानेसाहेबांनी तिची विभागणी केली: नियमित अन्य कामे, प्रासंगिक अन्य कामे, आणि वरीलपैकी कशातही न मोडणारी अन्य कामे. परिपत्रक निघालं. सात दिवसांत माहिती सादर करावी, अन्यथा निरंक समजण्यात येईल.

नानांचा कागद आला नाही. नियमाप्रमाणे ते निरंक. चौकशीत कळलं की सातव्या दिवशी ते महासभेच्या सभागृहात महापौरांचा माईक दुरुस्त करत होते. रकानेसाहेबांनी लगेच 'प्रासंगिक' रकाना उघडला, पेन टेकवलं आणि थांबले. माईक विद्युत विभागाचा. त्या विभागाचे जॉब चार्ट त्यांनी कालच मागवले आहेत.