दोनशे सातचा साज

काकाजींच्या टाटा दोनशे सातचं इंजिन काय म्हणतं, हे काकाजी सोडून गोठणगावात सगळ्यांना ऐकू येतं. सकाळी गाडी खोकते, थांबते, पुन्हा खोकते आणि मग इटियाडोह धरणाच्या पाळीकडे काळा धूर सोडते. मेकॅनिक पोरगा दर महिन्याला सांगतो, "काकाजी, नोझल साफ करा, नाहीतर एक दिवस रस्त्यात बसन." काकाजी तेव्हा पुढच्या जाळीवर फडकं मारत असतात. "मले सांग गा," ते मान न वळवता म्हणतात, "लगनात नवरदेवाचं काळीज कोन पाह्यते? फेटाच पाह्यतेत ना?"

हा युक्तिवाद खोडून काढणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

काकाजींना गाडी चालवण्यात फारसा रस नाही. गाडी उभी करण्यात आहे. कुठे उभी केली, ऊन कोणत्या बाजूने येतं, बोनेटवर आंब्याचा चीक तर गळत नाही ना, याचा विचार ते घर बांधणाऱ्याच्या गांभीर्याने करतात. रविवारी धरण पाहायला लोक येतात तेव्हा गाडी पाळीच्या रस्त्याकडे तोंड करून असते. शेपटीकडून पाहिलेली गाडी म्हणजे पाहिलेलीच नाही, असं त्यांचं मत आहे.

तोंडाचा अभिमान त्यांना उगाच नाही. टाटांनी १९८८ साली टाटामोबाइल हा पिकअप काढला आणि दोनशे सात त्याच घराण्यातली. पुढे १९९१ मध्ये त्याच सांगाड्यावर सिएरा बेतली, मागे छतात वळलेल्या मोठ्या काचांची, तीन दारांची. दिवे, बोनेट, तोंडवळा बहुतेक तोच. म्हणजे काकाजींच्या हिशोबाने त्यांची गाडी सिएराची थोरली बहीण, फक्त कट्टे वाहायला लागली म्हणून परिस्थितीने गरीब. नागपूरच्या एका कबाडखान्यात त्यांना सिएराची जाळी सापडली. कानस मारून, एक कान कापून, दोन नवीन भोकं पाडून ती त्यांनी बसवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने सिएरा हे नाव नव्या गाडीला देऊन बाजारात आणलं, तेव्हा काकाजी चहाच्या टपरीवर एवढंच म्हणाले, "आलं ध्यानात शेवटी त्यायच्या."

रंगाची कथा लांब आहे. मूळ गाडी पांढरी. काकाजींना लाल हवी होती, आणि लाल म्हणजे केशोरीच्या मिरचीसारखी, दुसरा कोणताही लाल नाही. ते खिशात पिकलेली ओली मिरची घेऊन गोंदियाच्या रंगाच्या दुकानात गेले. तिथल्या पोराने मिरची डब्याशेजारी ठेवली आणि थेंब थेंब टाकून छटा जुळवली. त्या रंगात बोनेट झालं. पैसे संपले. पुढचा हप्ता जमेपर्यंत मिरची वाळली, तरी नमुना तोच म्हणून काकाजी पुन्हा तीच घेऊन गेले. दारं त्या छटेत झाली. उरलेला भाग रंगवायची वेळ आली तोवर मिरची पार काळपट पडली होती. त्यामुळे आज गाडीकडे पुढून मागे पाहत गेलं की मिरची तोडण्यापासून कुटण्यापर्यंतचे सगळे दिवस दिसतात.

यात एक सरकारी अडचण निघाली. गाडीचा रंग बदलला की आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. काकाजींच्या आरसीत अजून पांढराच आहे. नोंद करायला त्यांची ना नाही, पण त्या रकान्यात कोणता लाल लिहायचा हे ठरत नाही.

तशी त्यांची विद्या खोटी नाही, हे सांगायला हवं. मासळीच्या खोक्यांतून गळणारं बर्फाचं पाणी हौद्याचा पत्रा कसा खातं, हे त्यांनी मला खाली झोपवून दाखवलंय. गंज खरवडायचा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, मग पुट्टी, तीही पातळ. जाड थापली की खड्ड्यात आदळून तडकते. तालुक्यातले अर्धे डेंटर हे करत नाहीत. गंजावर पुट्टी, पुट्टीवर रंग, आणि पहिल्या पावसाला फोड.

फसले ते दाराच्या बाबतीत. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून आत शिरलेलं पाणी तिथून निघून जातं. काकाजींना ती भोकं दिसली आणि कंपनीचा निष्काळजीपणा पाहून वाईट वाटलं. त्यांनी ती पुट्टीने सुबक बुजवली. पावसाळ्यात दार उघडलं की आतून डुचुक डुचुक ऐकू येऊ लागलं. तीन जिल्ह्यांच्या धानाला पाणी पाजणारं इटियाडोह भरायच्या आधी काकाजींचं दार भरलं. मेकॅनिक पोराने शेवटी ड्रिलने भोक पाडलं, पाणी चपलांवर आलं, आणि काकाजींनी त्या भोकाचं नाव लगेच ठेवलं: सांडवा. आता ते पावसाचा अंदाज दारावरून देतात. धरण ओव्हरफ्लो होईल का, असं कोणी विचारलं तर आधी दार हलवून पाहतात.

मागचा फाळका मात्र खरोखर देखणा आहे. वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं माहेर. तिथला पडदे रंगवणारा एक पेंटर काकाजींनी गाठला. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम पेटला की त्याला श्वास घ्यायला सवड नसते, म्हणून भर उन्हाळ्यात त्याला आणून, जेवू घालून, फाळक्यावर राजवाडा काढून घेतला. खांब, झुंबरं, मध्ये सिंहासन. सिंहासन नेमकं कडीच्या जागी आलंय. त्याच हाताने नंबरही घातला होता, प्रत्येक आकड्याला सोनेरी सावली. तो नंबर गेला. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी सक्तीची झाली आणि राजवाड्याखाली ॲल्युमिनियमचा तुकडा आला. काकाजींनी जुनी पाटी देवघराशेजारी टांगली. पुढचा लोखंडी गार्ड त्याआधीच उतरला होता. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने गार्डांवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं, तेव्हा काकाजींनी तो काढून तुळशीभोवती लावला. काकू म्हणतात, "आता तुळशीले टरक ठोकला तरी काई होत नाई जी."

काकूंचा छळ वेगळा. धान निघालं की कट्टे खरेदी केंद्रावर न्यायचे असतात, आणि दारात स्वतःचा पिकअप असून काकू शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने आणतात. काकाजींच्या हौद्यात कट्टा ठेवायचा तर आधी गोधड्या अंथरायच्या, कट्टा ओढायचा नाही, उचलून ठेवायचा, आणि फाळक्याला पाय लावून चढायचं नाही. हमाल एकदाच आले.

गेल्या खेपेला फिटनेससाठी गाडी गोंदियाला न्यायची होती. एवढ्या जुन्या मालवाहू गाडीला ती वारी दरवर्षीची. काकाजींनी रात्र जागून तयारी केली: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल चमकपट्टी, दोरी धरून सरळ रेषेत. पट्ट्यांच्या शेजारी जुना रंग फिका दिसायला लागला, म्हणून पहाटे फाळक्याला आणि बाजूंना वार्निशचा एक हात. नोझलची आठवण मेकॅनिकने फोनवर केली होती. नवेगावबांधच्या अलीकडे, चढावर, गाडी खोकली आणि बसली.

मागून धानाचा ट्रॅक्टर आला. त्यावरची पोरं टणाटण उड्या मारून उतरली, बाह्या सरसावून फाळक्याकडे धावली. काकाजी स्टेअरिंग सोडून ओरडत मागे आले, "हात नोका लावू! ओला हाय!"

"मंग बाजूनं ढकलतो जी."

"बाजूबी ओलीच हाय!"

"मंग धक्का द्याचा कुठं?"

काकाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मिरचीच्या सगळ्या छटा पाहिल्या, सिंहासन पाहिलं.

"टायरले द्या ना बापा!"