फुकटचा एजंट

अहो वहिनी, जरा इकडे या ना, या कोपऱ्याला. तिथून बोललं तर सगळ्या गल्लीला ऐकू जातं. काल संध्याकाळी तुमच्याकडे ती बॅगवाली स्वारी आली होती, तो घरकर्जाचा एजंटच ना? मी आपली जास्वंदीला पाणी घालत होते. मुद्दाम कान दिला नाही हो, पण त्याचं बोलणंच एवढं मोठ्यानं! 'मॅडम, माझी फी शून्य, तुम्ही फक्त सह्या करा.' तेव्हाच ठरवलं, सकाळी वहिनींना गाठायचं.

शून्य कसली? बँकेत आम्ही अशांना डीएसए म्हणायचो. कर्ज वाटलं गेलं की बँक त्याला कमिशन देते, रकमेच्या टक्केवारीवर. त्यात वाईट काही नाही, त्यालाही घर चालवायचंय. पण कर्ज जेवढं मोठं, तेवढं त्याचं कमिशन मोठं. मग भाऊजींना पस्तीस लाखांत भागत असलं तरी तो चाळीसच का म्हणतो, हे आलं ना लक्षात? आणि ज्या बँकेशी त्याचं जमत नाही, ती बँक त्याच्या तोंडी कधीच येणार नाही. म्हणून त्याला चहा द्या आणि सरळ विचारा, 'दादा, कोणकोणत्या बँकांचं काम करता? आणि कुणाचं करत नाही?' दुसऱ्या प्रश्नाला तो घुटमळला, तर भाऊजींना आधी त्यांचा पगार जमा होतो त्या बँकेत पाठवा. पायी जा, व्याजदर विचारा, कागदावर लिहून घ्या. एजंटाचं नंतर बघू.

बिल्डरच्या ऑफिसात टेबल टाकून बसलेला एजंट असतो ना, त्याचं तर आणखी वेगळं. प्रोजेक्ट बँकेनं आधीच तपासलेला असतो, त्यामुळे फाइल भराभर सरकते हे खरं. पण त्याची घाई बिल्डरच्या पैशांची असते, तुमच्या व्याजाची नाही.

पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला ना मागच्या गल्लीतल्या पोरानं, त्याचं ऐकलं नसेल तुम्ही. त्याच्या एजंटानं एकाच आठवड्यात पाच बँकांत फाइल लॉगिन केली. का, तर कुठं तरी लागेल! प्रत्येक बँकेनं त्याचं सिबिल काढलं, पाच चौकश्या नोंदल्या गेल्या आणि पाचव्या बँकेनं विचारलं, 'तुम्ही एवढ्या ठिकाणी का फिरताय?' स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला तर स्कोअरला काही होत नाही, आणि वर्षातून एकदा तो पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो आधी काढायचा, काही चूक असेल तर दुरुस्त करून घ्यायची आणि मग दोन फार तर तीन ठिकाणी अर्ज करायचा. पण सांगणार कोण त्याला!

त्याची खरी कथा पुढेच आहे. कर्ज चाळीस लाख, पण सँक्शन लेटरवर आकडा एकेचाळीस लाख वीस हजार. वरचे एक लाख वीस हजार कसले? तर विम्याचे. एकरकमी हप्ता, तोही कर्जातच घातलेला. एजंट म्हणाला, 'विमा कम्पल्सरी आहे सर, त्याशिवाय कर्ज होत नाही.' साफ खोटं! बँक घराचा विमा मागू शकते, पण कर्जासोबत अमुकच कंपनीची जीवन विमा पॉलिसी घ्या, अशी सक्ती करता येत नाही. बरं, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं फेडलं तर ते एक लाख वीस हजार जवळजवळ अडीच लाखांना पडतात. साधा टर्म प्लॅन वेगळा घेतला असता तर हप्ता बराच कमी बसला असता, आणि उद्या कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी विमा त्याच्याजवळच राहिला असता. विमा घेऊच नका असं म्हणत नाही मी. घरात एकच कमावता असेल तर घ्यायलाच हवा. पण तो कुणाच्या सोयीनं घेताय, ते बघा.

आणि 'प्रोसेसिंग फी माफ' म्हटलं की आपली माणसं हुरळून जातात बघा. चाळीस लाखांवर अर्धा टक्का धरा, वीस हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी. वाचले तर बरंच आहे. पण त्या माफीपायी व्याजदर पाव टक्का जास्त लागला, साडेआठच्या जागी पावणेनऊ, तर महिन्याला सहाशे-साडेसहाशे रुपये जास्त. वीस वर्षांत दीड लाखावर जातं ते! हप्त्याचा हिशेब तुमच्या मोबाइलवरही होतो, एजंटाच्या वहीवर विसंबायची गरज नाही.

बाकी खर्च म्हणजे वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन करणाऱ्याची फी, कागद बँकेत गहाण ठेवताना लागणारं मुद्रांक शुल्क. आणि आपल्या महाराष्ट्रात ती गहाणाची नोंद, नोटीस ऑफ इंटिमेशन म्हणतात, 30 दिवसांच्या आत करावी लागते. हे खर्च खरे आहेत, टळत नाहीत. पण या नावाखाली एजंट वर दोन-तीन हजार लावतो आणि आपण 'सरकारी काम असेल' म्हणून देऊन टाकतो. पावती मागायची. पावती नसलेला पैसा कुणाच्या खिशात जातो, हे बँकेत बसून खूप पाहिलंय मी.

रोख मागितली तर? देऊच नका. बँकांच्या संघटनेनं या एजंटांसाठी आचारसंहिता केली आहे. गिऱ्हाइकाकडून भेटवस्तू किंवा लाच घ्यायची नाही, फोनही साधारण सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सातच्या दरम्यानच करायचा. तुमच्या त्या स्वारीनं काल रात्री पावणेदहाला फोन केला होता ना? बघा, आत्ताच शिस्त कळली. हां, काही जण उघडपणे फी घेऊन सल्ला देतात, तेही ठीक आहे. पण त्यांना विचारायचं, 'बँकेकडूनही घेता का?' दोन्हीकडून घेत असेल तर तो सल्लागार कसला!

फ्लोटिंग व्याजाचं कर्ज आहे ना? मग मध्येच बोनस आला आणि कर्जात भरला, तर दंड लागत नाही. घरकर्जावर असा दंड लावायची बंदी रिझर्व्ह बँकेनं 2012 सालीच बँकांवर घातली आहे. फिक्स्डचं मात्र आधी तपासून घ्या. व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेलं आहे का, वरचा स्प्रेड किती, दर किती महिन्यांनी बदलतो, हेही विचारा. आपल्या कोपऱ्यावरच्या काकांचं कर्ज अजून जुन्या पद्धतीवर आहे. रेपो खाली आला, पेपरात बातम्या आल्या, काकांचा हप्ता जागच्या जागी. बँक स्वतःहून फोन करून सांगत नसते हो. बदलून घ्यायला थोडी फी पडते, पण अजून बरीच वर्षं बाकी असतील तर ती भरून निघते. तुमच्या घरी जुनं कर्ज असेल तर तेही बघा.

कर्ज फिटल्यावरचंही सांगून ठेवते. मूळ कागद बँकेनं 30 दिवसांत परत द्यायचे. तिच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. 2023 च्या डिसेंबरपासून लागू आहे हे.

आता मुख्य गोष्ट ऐका, कुकरची शिट्टी होईल एवढ्यात. 2024 च्या ऑक्टोबरपासून बँकेला प्रत्येक नव्या घरकर्जाबरोबर एक पत्रक द्यावंच लागतं. केएफएस म्हणतात. त्यात व्याज, सगळ्या फिया, विमा, वकील, सगळं मिळून वर्षाला खरा दर किती टक्के पडतो, तो एकच आकडा असतो. दोन बँकांची तुलना त्या आकड्यावर करायची, जाहिरातीतल्या दरावर नाही. त्या पत्रकात नसलेली फी नंतर तुम्हाला न विचारता लावता येत नाही. आणि ते आपल्याला कळेल त्या भाषेत द्यायचं असतं, तेव्हा मराठीत मागा, लाजू नका.

एजंट म्हणेल, 'ऑफर आजच्यापुरती आहे.' ते खोटं समजा. पत्रक दिल्यावर त्यातल्या अटी किमान तीन कामाचे दिवस टिकल्या पाहिजेत. तेवढ्या वेळात ते घेऊन इकडे या, दोघी बसून वाचू. तोवर भाऊजींना सही करू देऊ नका.