शिडी चाललीय कुठे?

अहो, ऐकलंत का? जरा तुळशीच्या बाजूनं या, तिकडे चिखल आहे. आपल्या सोसायटीचा तो ‘मान्सून वीकएंड’ हो, भंडारदऱ्याचा, माणशी साडेतीन हजारांचा! सेक्रेटरी भाऊजींनी ग्रुपवर टाकलेला फोटो बघितलात ना? खाली लिहिलंय, ‘महाराष्ट्राचं एव्हरेस्ट सर, १६४६ मीटर!’ पुढे तीन झेंडे.

आता हा नीट बघा, मोठा करून दाखवते. भाऊजी दोन बोटं वर करून उभे. मागे नुसतं धुकं. आणि त्यांच्या या कानापाशी काय दिसतंय? शिडी! लोखंडी शिडी. ती चाललीय कुठे? वर! अहो, कळसूबाईच्या माथ्यावर उभ्या माणसाला आणखी वर कुठे जायचंय, स्वर्गात?

त्यांचा धाकटाच बोलून गेला, खेळता खेळता. ‘बाबांच्या गुडघ्यात कळ आली, मग आम्ही पहिल्या शिडीपासूनच मागे फिरलो.’ पोराला काय, खरं बोलायची सवय. सेक्रेटरीणबाई तिथेच उभ्या होत्या, त्यांनी घाईघाईनं त्याच्या तोंडात बिस्किट कोंबलं.

तर काय सांगत होते... हां, शनिवारची रात्र. धरणाच्या काठी तंबू, आणि पाऊस असा की तंबूतून सतरंजी बाहेर निघाली म्हणे, स्वतःहून! बँकेतल्या वहिनी आपल्या टॉर्च घेऊन काजवे शोधतायत. शेवटी तो इन्स्ट्रक्टर मुलगा म्हणाला, ‘काकू, काजवे मृगाच्या आगेमागे. पाऊस नीट लागला की संपले.’ आणि हे गेले ऐन जुलैत! रॅपलिंग रद्द, कातळ शेवाळलेला. सांदण दरी बंद, पावसाळ्यात ती पाण्याचीच वाट. बरं, मग अंब्रेला फॉल बघू म्हणून विल्सन धरणाशी गेले. तर धरण अजून भरायचंय, पाणी सोडलेलंच नाही. पाणी सोडल्याशिवाय ती छत्री उघडते होय? डोक्यावर धो धो, आणि समोर छत्री मिटलेली! तंबूत दाटीवाटीनं बसून भेंड्या खेळले. साडेतीन हजारांच्या भेंड्या...

पण खरी गंमत पुढेच आहे. आपल्या मावशींना नेलं होतं ना स्वयंपाकाला? ‘तुमचीही ट्रिप होईल’ असं वर. म्हणजे पैसे नकोत द्यायला, कळलं ना तुम्हाला. तर त्यांचं माहेरच निघालं पायथ्याच्या बारी गावचं! आपण इतकी वर्षं त्यांच्या हातच्या पोळ्या खातोय, कधी विचारलं नाही. मीही नाही, खोटं कशाला बोलू?

रविवारी सकाळी सगळे बारीत. भाऊजी शिडीला हात लावून आलेले, एका ओसरीवर नाचणीची भाकरी आणि पिठलं हाणतायत. सेक्रेटरीणबाईंनी काय करावं? रात्रीची खिचडीची जळकी पातेली तशीच गाडीत घालून आणली होती, ती सरकवली मावशींपुढे. ‘बसल्या बसल्या तेवढी घासून टाका हो.’

मावशी काही बोलल्या नाहीत. पागोळीखाली बसल्या, एक पातेलं घेतलं, तळाची खरपूड नखानं सोलू लागल्या, आणि सहज बोलावं तसं म्हणाल्या, ‘आमची कळसूबाई, काळसू, कोळ्याची पोर. एका घरी कामाला राहिली, पण अट घातली व्हती. केर काढणार न्हाई, भांड्याला हात लावणार न्हाई. एकदा पाहुणे आले आन् लावली तिला भांडी घासाया. तिनं घासली. मग निघाली ती डोंगरावर, परत आलीच न्हाई. जिथं घासली त्या जाग्याला थाळेमेळ म्हणतात.’

अहो, भाकरीचा घास भाऊजींच्या हातातच राहिला! बँकेतल्या वहिनी डोंगराकडे बघायला लागल्या, धुक्यात डोंगर दिसत नव्हता तरी. आणि सेक्रेटरीणबाईंचा चेहरा... पाऊस लागलेला पापड आठवा, तस्सा.

मावशींनी ते एक पातेलं लख्ख केलं, बाकीची तशीच ठेवली. हात धुतले, पदर खोचला, पिशवीतून नारळ आणि खण काढला. म्हणजे घरूनच तयारीनं आलेल्या की! बँकेतल्या वहिनींची मुलगी म्हणाली, ‘मी येते.’ चपला ओसरीखाली काढून अनवाणी गेल्या, पावसातून, सगळ्या शिड्या चढून. नवरात्रात जत्रेला लहानपणी दरवर्षी जायच्या म्हणे. परत आल्या तेव्हा दुपार टळलेली, सगळे गाडीत बसून कुरकुरत होते. त्यांनी प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. आधी सेक्रेटरीणबाईंच्या.

फोटो आहे तर! त्या मुलीनं मला दाखवला. मावशी देवळाच्या दारात, पदर डोक्यावरून, चिंब भिजलेल्या. मागे शिडी नाही, नीट बघितलं मी. ग्रुपवर का नाही टाकला विचारलं, तर म्हणते, ‘मावशी ग्रुपवर कुठेत?’

आणि सोमवारी काय झालं माहितीय? मावशींनी सेक्रेटरीणबाईंना सांगून टाकलं, ‘भांड्यांचं काम सोडलं. पोळ्या पाहिजे तर पोळ्या करते.’ त्या म्हणाल्या, ‘मग नकोच.’ मला हे साडेआठला कळलं, पावणेनऊला मी फाटकात उभी.

दहाला येतात आता माझ्याकडे. आणि भांडी ना? ती मीच घासते हो.