सात्त्विक एटापल्ली
मांसाहार सोडायचा तर पुण्यात सोडू नये. तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर पनीर मिळतं, त्यागाला वजन येत नाही. गडचिरोलीतल्या एटापल्लीला यावं. मी इथेच सोडला. आठवडी बाजारात सुकी मासळी, गावठी कोंबडे आणि पानावरच्या लाल मुंग्या ओलांडून वांग्यांपर्यंत पोचलं की माणूस आपोआप साधक होतो. माडिया आदिवासींच्या घरात मुंग्यांची चटणी नाकारली तर कोणी रागवत नाही. पोट बिघडलंय का, एवढंच विचारतात. मोहाची दारू मात्र शुद्ध शाकाहारी, तिथे तत्त्वाला धक्का लागत नाही.

माझ्या साधनेला शासनाचीही साथ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात अंडं आलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून लोकसहभागातून द्या, असं सांगण्यात आलं. मी निदान भरल्या पोटी सोडलं. इथल्या पोरांना सात्त्विकता सरकारी आदेशाने मिळाली.

आता हा लोकसहभाग एटापल्लीत कोणाकडे मागायचा? सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज भरून ट्रक याच तालुक्यातून बाहेर पडतात. वर्गणीची पावती आधी तिथे फाडा.