प्रवाहाचा बंदोबस्त

स्थावर मालमत्तेचा अभिमान मनुष्याने कितीही बाळगला, तरी स्वतःच स्थावर होऊन सुखाने नांदण्याची विद्या प्रवाळाइतकी कोणाला साधलेली नाही. एकदा खडकाला चिकटले की अन्न, प्राणवायू आणि मलाची विल्हेवाट ही सर्व खाती ते समुद्राकडे सोपविते, आणि समुद्रही ती बिनपगारी व बिनतक्रार सांभाळतो. पंचाईत होते ती समुद्राच्या जागी आमचे मेहुणे आले म्हणजे.

मेहुण्यांचा मुक्काम न्यू जर्सीला. आपल्याकडे सरकारने कठीण प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाशेजारी बसविले असल्यामुळे, घरात प्रवाळ पाळण्याची हौस येथे करू जाणाऱ्याच्या दारात वनखात्याचा अंमलदार उभा राहावयाचा. तिकडे मात्र त्यांनी दिवाणखान्यात ४०० लिटरची टाकी मांडली, आणि मृदू प्रवाळांसाठी टाकीभर पाणी तासाला १० ते २० वेळा, तर अॅक्रोपोरासारख्या फांद्याळ मंडळींसाठी ४० वेळा फिरले पाहिजे, असा हिशेब करून १६,००० लिटरचा एकच जबरदस्त पंप काचेला लावून दिला. समोरच्या प्रवाळाची त्वचा सोलून निघाली, वाळू उडून कोपऱ्यात तिची टेकडी झाली, आणि खडकांच्या पाठीमागे पाणी इतके निश्चल राहिले की माशांच्या विष्ठेने तेथे कायमचे ठाणे दिले.

"आकडा तर चोख आहे!" मेहुणे हिशेबाचा कागद पुढे करून म्हणाले.

"आहे ना, पण तो प्रवाळांना वाचून कोण दाखविणार?" वहिनींनी विचारले.

वास्तविक प्रवाळाच्या अंगाला पाण्याचा एक पातळ, आळशी थर चिकटून असतो आणि सारी आयात-निर्यात त्यातूनच चालते; दिवसा त्याच्या देहात राहणारी शैवाले इतका प्राणवायू निर्माण करतात की तो वाहून न्यावा लागतो, आणि रात्री तोच बाहेरून आणून पुरवावा लागतो. समुद्रात हे काम लाट करते, आणि लाट येते तशी परतही जाते. मेहुण्यांच्या पंपाला परतणे ठाऊक नव्हते. पंगतीतल्या एकाच पानावर तुपाची तपेली उपडी करणाऱ्या वाढप्याने तूप पुष्कळ वाढले हे खरे, पण पंगत जेवली असे कोणी म्हणणार नाही.

अखेर कारभार वहिनींनी हाती घेतला. मोठा पंप उतरवून त्यांनी समोरासमोरच्या काचांवर दोन लहान पंप असे बसविले की त्यांचे झोत एकमेकांवर आदळून फुटावेत, आणि त्यांचा जोरही आळीपाळीने कमीजास्त व्हावा. खडक मागच्या काचेपासून चार बोटे पुढे ओढले. एका पंपाचे तोंड किंचित वर करून पृष्ठभाग हलता ठेवला, कारण हवेशी देवघेव तेथेच होते. मग चिमूटभर खाद्य सोडून त्या एकेका कणाचा प्रवास पाहत बसल्या; कण जेथे बाणासारखा सुटला तेथला झोत वळविला, आणि जेथे बसून राहिला तेथे पाणी पोहोचविले. संध्याकाळपर्यंत प्रवाळांचे सुतासारखे हात घटकेत डावीकडे, घटकेत उजवीकडे झुलू लागले, आणि मेहुणे हिशेबाचा कागद घडी करून खिशात ठेवते झाले.

तेव्हा ज्यांना ही हौस असेल त्यांना एवढीच विनंती, की गाळ कोठे बसतो हे पाहिल्यावाचून नवा पंप विकत घेऊ नये. बहुधा आहे त्याचे तोंड फिरविले की काम भागते.