एक एकर, एक कॉट

सरकारी हिशोबात पुणे एक्स आहे, नागपूर वाय आहे आणि आमचं गिरड झेड आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना घरभाडे भत्ता किती द्यायचा हे ठरवण्यासाठी शहरांची अशी वर्णव्यवस्था केलेली आहे. पुणं पूर्वी वाय होतं. 2015 साली त्याला बढती मिळाली आणि ते मुंबई-दिल्लीच्या पंगतीला जाऊन बसलं. यादीत ज्यांचं नावच नाही, ते सगळे झेड. म्हणजे सरकारच्या मते समुद्रपूर तालुक्यातलं गिरड आणि पुणं यांच्यात अंतर फक्त दोन अक्षरांचं. आमचा पुतण्या ते एका रात्रीत कापून गेला: वर्ध्यापर्यंत एसटी, पुढे जनरलचा डबा, बसायला शौचालयाजवळची पेटी.

वंदे भारत होती की, असं कोणी म्हणेल. होतीच. ऑगस्ट 2025 पासून अजनी-पुणे वंदे भारत वर्ध्याला थांबते आणि अजनी ते पुणे हे 881 किलोमीटर बारा तासांत संपवते. पुतण्याने तिचं तिकीट मोबाइलवर पाहिलं, मोबाइल खिशात ठेवला आणि जनरलच्या रांगेत उभा राहिला. समृद्धी महामार्गही आमच्याच जिल्ह्यातून जातो. समृद्धी आमच्याकडून निघून जाते, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो; सरकारने तिला फक्त रीतसर रस्ता करून दिला.

पोरगं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला निघालं तेव्हा त्याच्या बापाने एवढंच सांगितलं, ‘काटकसरीनं राहजो. फालतू खर्च करू नोको.’ आता काटकसर आम्हाला कोणी शिकवायची? हा सेवाग्रामचा जिल्हा आहे. 1936 साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले, तेव्हा झोपडीवर पाचशे रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, अशी त्यांची अट होती. पाचशे रुपयांत आज पुण्यात खोली दाखवायला नेणारा दलालही चौकातून हलत नाही. बापूंना गरिबीत ठेवायला फार खर्च येतो, अशी थट्टा सरोजिनी नायडू करत असत, असं सांगतात. ती आम्ही इतकी वर्षं थट्टा समजत होतो. पुतण्या पुण्याला गेल्यावर कळलं, की बाईंनी ताळेबंद मांडला होता.

पुण्यात आमच्या पोराला खोली मिळाली नाही. कॉट मिळाली. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात स्पर्धा परीक्षेची पोरं खोली घेत नाहीत, कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत पाच कॉट, एक पंखा, एक खिडकी आणि खिडकीपाशी झोपणाऱ्याचा तोरा. सहा फूट लांब, तीन फूट रुंद लोखंडी पलंगाचे महिन्याला साडेतीन हजार. गीझर सकाळी सहा ते सात. पाहुणा रात्री थांबला तर शंभर रुपये. खोलीत स्वयंपाक करायचा नाही, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, जिन्यात बोलायचं नाही. घरमालक म्हणाले, ‘तुम्हा मुलांना आम्ही घरच्यासारखंच समजतो.’ मग घरच्याकडून दोन महिन्यांची अनामत घेतली आणि जाताना रंगाचे पैसे कापू, असं घरच्यासारखंच सांगितलं.

या कॉटने आमच्या घरात कृषिक्रांतीचा विचार आणला. पुतण्याच्या बापाने वहीत गणित मांडलं. कॉट म्हणजे अठरा चौरस फूट. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. भागाकार बरोबर जातो, बाकी शून्य: एका एकरात 2,420 कॉट. एका कॉटचे वर्षाला 42 हजार, म्हणजे एकरी उत्पन्न 10 कोटी 16 लाख 40 हजार रुपये. पाणी नको, फवारणी नको, गुलाबी बोंडअळी नाही, रानडुक्कर येत नाही. ‘मंग आपण पऱ्हाटी काऊन पेरून रायलो?’ असा प्रश्न त्याने भर ओट्यावर विचारला आणि कोणाला उत्तर देता आलं नाही. कृषी विद्यापीठांनी इतकी वाणं काढली, पण दर महिन्याच्या पाच तारखेला वेचणीला येणारं एकही काढलं नाही.

उलट बाजूने मांडलं तर हिशोब आणखी सरळ आहे. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. कोरडवाहू एकराला पाच-सहा क्विंटल झाला तर पाऊस पावला म्हणायचं. हमीभाव मिळाला, ओलाव्याच्या नावाखाली कापलं नाही, आणि बियाणं, खत, निंदण, वेचणी हे सगळं फुकट झालं असं धरलं, तर एक एकर कापूस बरोबर एक कॉट. पाच एकरवाला शेतकरी म्हणजे पुण्याच्या भाषेत एका खोलीचा मालक. फक्त खोली त्याची नाही.

करार अकरा महिन्यांचा. बाराव्या महिन्यात माणूस कुठे जातो, हे कोणी विचारत नाही. एक वर्ष झालं की करार नोंदवावा लागतो, म्हणून अकराच महिने ठेवायचे, असं जो तो शहाण्यासारखा सांगतो. हा शहाणपणा 1908 च्या नोंदणी कायद्याच्या काळातला आहे. महाराष्ट्राने 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार कितीही महिन्यांचा असो, लेखी असला पाहिजे आणि नोंदवलाच पाहिजे, असं केव्हाच सांगून टाकलंय. म्हणजे जे चुकवायला अकरा महिने पाळतात ते अकरा महिन्यांनीही चुकत नाही. पण व्रत आहे. अधिक महिना धरत नाहीत, एवढंच.

जेवण मेसमध्ये. मेसच्या भिंतीवर दोन पाट्या: ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ आणि ‘खाडे धरले जाणार नाहीत’. पुण्यात पाहुण्याकडे जेवलात, उपास केलात, तापाने पडलात, तरी जेवणाचे पैसे जातात. सलग किमान तीन दिवस गावाला जात असाल आणि आदल्या दिवशी लेखी सांगितलं असेल, तरच खाडा. पहिल्याच आठवड्यात पोराचा फोन आला: ‘काकाजी, इथं वरणात गूळ टाकून रायले हे लोकं.’ मी म्हटलं, बापा, एक्स वर्गाचं शहर आहे, गोडीचे पैसे वेगळे घेत नाहीत हेच नशीब समज. रविवारी दुपारी फीस्ट म्हणून गुलाबजाम, संध्याकाळी मेस बंद. सोमवार सकाळपर्यंत तो एक गुलाबजाम पुरवायचा असतो. गणपतीचे दहा दिवस मात्र सुगीचे. कोणत्या मंडळाचा महाप्रसाद किती वाजता, याचं वेळापत्रक अभ्यासिकेत चालू घडामोडींच्या टिपणांपेक्षा जास्त फिरतं.

चालायलाही पैसे लागतात, हे त्याला जरा उशिरा कळलं. 1 जून 2025 पासून पीएमपीएमएलचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं आणि साधा मासिक पास नऊशेवरून पंधराशेवर गेला. तेव्हा पोरगं पायीच फिरतं. चपला झिजतात त्यांचा हिशोब आपण धरत नाही, कारण चपला हिंगणघाटच्या बाजारातून गेलेल्या आहेत.

इथे आमच्या टेकडीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. बाबा तिथे बसलेले असताना दोन फिरते व्यापारी आले, त्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्याकडच्या सगळ्या नारळांचे दगड झाले. टेकडीवर आजही ते गोल दगड सापडतात. भूगर्भवाले त्यांना झिओलाइटच्या गाठी म्हणतात, म्हणोत. पण गोष्टीचा उत्तरार्ध महत्त्वाचा. व्यापाऱ्यांनी पाय धरले तेव्हा बाबांनी वाळल्या पानांचे नवे नारळ करून दिले आणि ते दोघे बाबांच्या सेवेत राहिले. पुण्यातही आमच्या माणसांच्या मालाचं असंच होतं: अनामत, दलाली, अभ्यासिकेची आगाऊ फी, क्लासची न परतणारी फी, सगळे दगड. फरक इतकाच, की आमच्या पोराने कोणाची थट्टा केली नव्हती, आणि तिथे पाय धरले तर पाय धरण्याचे वेगळे पडतात.

त्यात परीक्षेचं असं आहे, की ती ठरल्या दिवशी होईलच असं नाही. राज्यसेवेची पूर्व परीक्षा 25 ऑगस्ट 2024 ला होती. त्याच दिवशी बँकेची परीक्षा आली, पोरं पुण्यात रस्त्यावर बसली, आयोगाने तारीख पुढे नेली आणि परीक्षा 1 डिसेंबरला झाली. पोरांची मागणी रास्त होती. पण मागणी मान्य झाली म्हणजे काय झालं? सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, तीन महिन्यांची कॉट. आंदोलन जिंकलं पोरांनी, पेढे वाटावेत घरमालकांनी. परीक्षा पुढे जाते. भाड्याची पाच तारीख कधी पुढे गेल्याचं ऐकलंय?

सरकारला हे कळत नाही असं नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यामुंबईत शिकणाऱ्याला वर्षाला 60 हजार: जेवणाचे 32 हजार, राहण्याचे 20 हजार, वरखर्चाचे 8 हजार. राहण्याचे 20 हजार म्हणजे महिन्याला 1,666 रुपये. साडेतीन हजारांच्या कॉटचा अर्धा भागही त्यात येत नाही. विद्यार्थ्याने कंबरेपर्यंत पुण्यात झोपावं आणि पाय गिरडला ठेवावेत, अशी योजना असावी. केंद्र सरकारच्या यादीत तेच पुणे एक्स आहे. मात्र ते कर्मचाऱ्यांपुरतं. विद्यार्थी राहायला लागला, की शहर स्वस्त होतं.

मग उरलेलं कोण भरतं? गिरड भरतं. दर महिन्याला बापाच्या मोबाइलवरून पैसे जातात. सोयाबीन विकलं ते गेलं, मायने बचत गटातून उचल घेतली ती गेली. शिवाय ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पोतं जातं: तूरडाळ, तिखट, जवसाची चटणी, चिवडा. खोलीत स्वयंपाकाला बंदी, म्हणून डाळ त्याने मेसवाल्या काकूंना नेऊन दिली. त्या खूश झाल्या आणि त्यांनी दोन दिवसांचे खाडे धरले. आमच्या शेतातली तूर, आमच्या चक्कीवर भरडलेली, पुण्यात आमच्याच पोराला गूळ घालून विकत मिळते.

त्या पोत्याचं आणि त्या पाच तारखेचं खरं नाव कोणी घेत नाही. आपण म्हणतो, पोरगं पुण्यात काटकसरीने राहतं. काटकसर पोरगं करत नाही. त्याच्या मायने यंदा लुगडं घेतलं नाही, बापाने मोटरपंपाची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली, ती काटकसर आहे. पोरगं तिथे जगतं त्याला गिरडने पुण्याला दिलेलं अनुदान म्हणतात. झेड वर्गाने एक्स वर्गाला दिलेलं. शेतकऱ्याला अनुदान मिळतं म्हणून पुण्याच्या वाड्यांतून आणि सोसायट्यांतून जो सुस्कारा ऐकू येतो, तो ऐकताना हे पोतं कोणाला आठवत नाही. माझी सूचना अशी, की पुणे महानगरपालिकेने शास्त्री रस्त्याच्या तोंडाशी एक फलक लावावा: ‘हा परिसर समुद्रपूर, हिंगणघाट, उमरेड व इतर तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या अर्थसाहाय्याने चालतो.’ खाली लोकप्रतिनिधींचे फोटो नकोत; कापूस वेचणाऱ्या बायांचे चालतील.

दिवाळी आली की पोरगं घरी येतं. म्हणजे यावंसं त्याला वाटतं. ट्रॅव्हल्सवाल्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, असा सरकारचा निर्णय 27 एप्रिल 2018 चा आहे. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री मोबाइलवर जे आकडे दिसतात, त्यांना दीडपट म्हणायचं असेल तर शाळेत आम्हाला शिकवलेले पाढे चुकीचे होते. गेल्या दिवाळीत पोरगं आलं नाही. तीन दिवसांचा खाडा मिळाला असता, तोही बुडाला.

आता पुण्यात भाड्याने राहणाऱ्या गिरडकरांसाठी कामाची एक गोष्ट. 1999 च्या त्या कायद्याचं कलम 55 एकदा वाचून घ्या. करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने तो नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. तेव्हा ज्यांचा करार नोंदलेला नाही त्यांनी आपल्या अटी आजच वहीत लिहून ठेवाव्यात. गीझर रात्री दहापर्यंत, हे पहिलं लिहा.